गेट फक्त माझंच ऐकत होतं

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (वाकणं सध्या कागदापुरतंच धरा, कारण पाठीत उसण भरली आहे आणि ती का भरली हे पुढे येणारच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? अजून जिना चढतानाच बोलतो, की आता उतरतानाही? भावजींचा खोकला गेला असेल तर उत्तम. नसेल गेला तर त्यांना सांगा, की मागच्या फोनमध्ये तुमच्यापेक्षा तोच जास्त ऐकू आला. इकडे आम्ही सगळे ठीक. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन फार छान झालं. इतकं छान, की त्यांना आता ओट्यामागच्या फरशांवरचे डाग दिसू लागलेत, आणि हे सगळे डाग मी या घरात आल्यानंतरचे आहेत असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगतात. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. मी म्हटलं, एवढी घाई काय आहे!

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन आपला हॉलमध्ये. मी बोलायला लागले की तुमचे बंधुराज वर्तमानपत्र उघडून बसतात आणि माझं बोलणं संपेपर्यंत एकही पान उलटत नाहीत. शिवाय (रागावू नका) फोनवर आपल्या दोघींपैकी बोलतं कोण, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तर मुद्दा असा, की 'हिने अख्खी इमारत कोंडून घातली' असं बंधुराजांनी तुम्हाला कळवल्याचं कानावर आलं. इमारत कोंडली गेली हे खरं. त्या काळात चावी माझ्या हातात होती हेही खरं. पण कोंडली कुणी, ते सांगायला ते सोयीस्कर विसरले असणार, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. चहा ठेवा आणि वाचायला बसा.

आमच्या इमारतीच्या पोटात सगळ्यांचं मिळून एक गॅरेज आहे, ते तुम्ही पाहिलंच आहे. त्याच्या तोंडाशी लोखंडी सरकतं गेट. रिमोटचं बटण दाबलं की ते क्षणभर विचार करतं, कण्हतं आणि मग नाइलाजाने बाजूला होतं. गाडी आत आणायला रिमोट, बाहेर काढायलाही रिमोट. शेजारी एक छोटं दार आहे, पण त्यातून माणूस जातो, गाडी जात नाही. आणि रिमोट घरटी एक. आमच्या घरचा एक बंधुराजांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. आता गंमत पाहा. बंधुराज कारखान्याच्या बसने कामाला जातात. म्हणजे दिवसभर गाडी घरी आणि रिमोट कारखान्यात. तिथे तो काय उघडतो देव जाणे!

लायसन्स मिळेपर्यंत मला याचं काही वाटलं नव्हतं. (हो, मी गाडी शिकले. या वयात. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, 'हौस दांडगी आहे बाई तुझी,' ते मी कौतुक म्हणून घेतलं होतं.) शिकवणारे मास्तर शांत स्वभावाचे. शेवटच्या दिवशी म्हणाले, "बाई, तुमचा गाडीवर चांगला ताबा आहे. आता फक्त गाडीला तसं वाटू द्या." तर लायसन्स आलं, ते आईंनी कपाटावर उभं करून ठेवलं, आणि मी बंधुराजांना म्हटलं की आता रिमोट घरी ठेवून जात जा. तर म्हणे जुडग्याची कडी घट्ट आहे, काढायला गेलं तर तुटेल. दुसऱ्या दिवशी म्हणे गाडीची बॅटरी जरा नरम आहे. तिसऱ्या वेळी म्हणे रस्त्यावर हल्ली लोक कसेही चालवतात. वन्सं, माणूस सरळ 'नको' म्हणाला तर भांडता तरी येतं. कडीशी कसं भांडायचं?

मग आला आईंच्या डोळ्याच्या तपासणीचा दिवस. त्या दिवशी रिमोट ठेवून जातो असं त्यांनी आईंसमोर कबूल केलं होतं. आई सकाळपासून काळा चष्मा लावून, पर्स मांडीवर घेऊन तयार. आम्ही खाली गेलो, गाडीत बसलो, पट्टे लावले, मी आरसे नीट केले आणि लक्षात आलं की रिमोट नाही. वर जाऊन त्यांच्या मोबाइलवर फोन केला. बसमध्ये होते. पलीकडून आधी नुसता बसचा आवाज आला आणि मग अगदी बारीक आवाजात, "अगं... खिशातच राहिला."

आई म्हणाल्या, कुणीतरी बाहेर जाईलच, त्याच्या मागोमाग आपणही सटकू. म्हणून बसलो दबा धरून. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर आले, त्यांनी गेट उघडलं आणि निघाले. मीही त्यांच्या मागे निघाले. पण ते गेट पडलं शिस्तीचं, एकाला सोडलं की मिटायला लागतं. ते मिटायला लागलं तसा मी ब्रेक दाबला, गाडी बंद पडली, गेट बॉनेटला जरासं टेकलं, घाबरून मागे गेलं, परत पुढे आलं, परत टेकलं. अशी त्या दोघांची बरीच ओळख झाली. आई मात्र शांत. म्हणाल्या, "घाबरू नकोस, तेच घाबरलंय." शेवटी मी गाडी मागे घेतली, गेट मिटलं, आणि आम्ही छोट्या दारातून बाहेर पडून टॅक्सी केली. दवाखान्यात उशिरा पोचलो. आमची वेळ हुकलेली, त्यामुळे सगळ्यांच्या शेवटी बसावं लागलं. आईंच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि थेंब घालायची वेळही टळून गेली होती. नर्स मला बोलली. मी ऐकून घेतलं, पण जिवाला फार लागलं हो. घरी येताना टॅक्सीत आई एवढंच म्हणाल्या, "दुसरा रिमोट आण. नाहीतर मी त्या जुडग्यावरच बसते, बघू कसा नेतो."

म्हणून मी सेक्रेटरींकडे गेले. त्यांना तुम्ही जिन्यात पाहिलं असेल. उंच, इस्त्रीचे, आणि बोलणं असं की जणू सूचनाफलकच वाचताहेत. (आईंनी त्यांचं नावच फलक ठेवलंय.) दारातच म्हणाले, "प्रत्येक सदनिकेस एकच रिमोट अनुज्ञेय आहे." मी आईंच्या डोळ्याचं सांगितलं. म्हणाले, सहानुभूती आहे, परंतु समितीपुढे ठेवावं लागेल. समिती कधी भरते? सेक्रेटरींनी बोलावली की. सेक्रेटरी कधी बोलावतात? समितीने सांगितलं की. मागून त्यांच्या बायको, बिचाऱ्या फार गोड बाई आहेत, माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच 'असेच आहेत हो' म्हणाल्या. मी खाली मान घालून वर आले.

आता मी गप्प बसणाऱ्यातली नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर किल्ल्या करून देणारा बसतो. शनिवारी सुट्टीच्या दिवशी बंधुराज दाढी करत होते तेव्हा मी जुडगा उचलला आणि आईंना घेऊन त्याच्याकडे गेले. (आई 'डोळ्याला हवा लागू दे' म्हणून आल्या होत्या. डॉक्टरांनी हवाच लागू देऊ नका म्हटलं होतं.) त्याने आपला रिमोट आणि एक नवा रिमोट नाकाला नाक लावून धरले, दोन्ही दाबले, दिवे लुकलुकले, म्हणाला झालं काम. परतताना आई म्हणाल्या, बघू तरी, आणि चालता चालताच त्यांनी बटण दाबलं. तर रस्त्याच्या पलीकडचं एक अनोळखी शटर घरंगळत वर गेलं! आत एक गृहस्थ बनियनवर, बादलीत पाय सोडून बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही आभाळाकडे पाहिलं. आईंनी पटकन परत बटण दाबलं आणि गृहस्थ पायांपासून नव्हे, डोक्यापासून दिसेनासे झाले. आम्ही दोघी ज्या वेगाने पुढे निघालो, तो वेग आईंनी मागच्या कित्येक वर्षांत घेतला नव्हता. आपल्या गेटवर मात्र त्या रिमोटचा काडीचा उपयोग झाला नाही.

हे ऐकल्यावर बंधुराज उठले. मला रिमोट मिळावा म्हणून नव्हे हं, तर किल्लीवाल्याला काही कळत नाही हे सिद्ध करायला. पंपाच्या कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे ज्याला ज्याला बटण आहे ते सगळं आपल्या नात्यातलं आहे असं त्यांना वाटतं. संध्याकाळी जाऊन त्यांनी आपल्या गेटच्याच बनावटीचा एक कोरा रिमोट आणला. दुकानदाराने सांगितलं की गेटशेजारी भिंतीवर डबा असतो, त्यातलं बटण दाबायचं, दिवा लागला की सोडायचं आणि लगेच नवा रिमोट दाबायचा, की गेटला त्याची ओळख पटते. मी म्हटलं, सेक्रेटरींना विचारायला हवं. तर ज्यांनी जन्मभर पंपावरची सूचनासुद्धा परवानगी काढून वाचली, ते तुमचे बंधुराज म्हणाले, "त्यात काय विचारायचं? एक बटण तर दाबायचंय."

रविवारी सकाळी ते स्टुलावर, मी स्टूल धरून (उसण इथे भरली), आई समोर खुर्ची टाकून देखरेखीला. डबा उघडला, बटण सापडलं, दाबलं. आणि दाबूनच ठेवलं. कारण दिवा लागला की नाही हे बघायला चष्मा हवा, आणि चष्मा वर टेबलावर. मी खालून म्हणतेय, "अहो, लागला." ते म्हणतात, "लागला असता तर मला दिसला असता." आई म्हणाल्या, "अरे, लागून विझलासुद्धा, मला एका डोळ्याने दिसलं." तेव्हा त्यांनी बोट काढलं आणि परत दाबून, या वेळी वेळेवर सोडून, नव्या रिमोटची ओळख करून दिली. मी दाबला. गेट कण्हलं आणि उघडलं! वन्सं, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मग त्यांनी ऐटीत आपला जुना रिमोट काढून दाबला. गेट ढिम्म. परत दाबला. ढिम्म. तेवढ्यात डॉक्टर आले, त्यांनी गाडीतून आपला दाबला. ढिम्म. बटण फार वेळ दाबून ठेवलं की गेट जुनं सगळं विसरतं, हे दुकानदार सांगायला विसरला होता, किंवा बंधुराज ऐकायला. थोडक्यात काय, अख्ख्या इमारतीत ते गेट आता एकाच माणसाला ओळखत होतं. मला.

गेट हाताने उघडायची एक किल्ली असते. ती सेक्रेटरींनी सुरक्षित जागी ठेवली होती, इतक्या सुरक्षित की त्यांना स्वतःलाही मिळेना. गेट बसवणारा मिस्त्री फोन उचलेना, रविवार होता. बंधुराजांच्या तोंडचं पाणी पळालेलं. ते म्हणाले, "मी त्याला घरून घेऊन येतो," आणि चप्पल घालून जे निघाले ते मागे वळून पाहिलं नाही. (मदतीला गेले की पळाले, यावर आईंचं आणि माझं अजून एकमत नाही.)

मग काय, आईंच्या खुर्चीशेजारी मीही खुर्ची टाकली आणि बसले. रिमोट हातातून सोडला नाही. कुणी कुठे घेऊन गेलं तर सगळेच अडकायचे. कुणी बाहेर निघालं की उघडायचं, कुणी आलं की उघडायचं. आजवर जिन्यात मान न हलवणारे लोक 'काकू, जरा' म्हणू लागले. ज्या डॉक्टरांनी त्या दिवशी आरशातून माझी फजिती पाहिली आणि निघून गेले, ते काच खाली करून म्हणाले, "वहिनी, येताना हॉर्न दिला तर चालेल ना?" मी म्हटलं, चालेल की. आई म्हणाल्या, "जेवणाच्या वेळात देऊ नका." सेक्रेटरी तेवढे आले नाहीत. दोनदा पिशवी घेऊन छोट्या दारातून पायी बाहेर गेले, दोनदा रिकाम्या पिशवीने परत आले, पण माझ्याकडे मागणं त्यांच्या जिवावर येत होतं. खरं सांगते, मला त्यात थोडी मजा वाटत होती. पुढचं होईपर्यंतच.

दुपारी सेक्रेटरींच्या बायको आमच्यासाठी थर्मासमधून चहा घेऊन खाली येत होत्या. गॅरेजच्या जिन्याची शेवटची पायरी अंधारात दिसली नाही. थर्मास आधी पडला आणि मग त्या. मी धावले. पाय घोट्यापाशी असा वळला होता की मला बघवेना, आणि बघता बघता सुजून टम्म. चेहरा पांढराफटक. सेक्रेटरी आवाज ऐकून आले. वन्सं, त्या माणसाला मी प्रथमच शर्टाचं बटण उघडं असलेला पाहिला. ते गाडीकडे धावले, किल्ली काढली, आणि दाराला लावताना हात असा कापत होता की भोकच सापडेना. माझ्याकडे वळून म्हणाले, "मला... मला जमणार नाही." आजूबाजूला दुसरं कुणी नाही. डॉक्टर बाहेर गेलेले, बंधुराज परागंदा. आई म्हणाल्या, "बघत काय बसलीस? काढ गाडी."

मी काढली. आमची जागा खांब आणि डॉक्टरांची रिकामी जागा यांच्यामध्ये, तेवढी खैर होती. मागे नवरा-बायको, पुढे मी आणि (नको म्हणत असताना) आई. गेटपाशी आले, रिमोट दाबला. ते उघडेपर्यंतचा तो क्षण मला कधी नव्हे एवढा मोठा वाटला. पण उघडलं. बाहेर रस्ता लागला आणि काय झालं कुणास ठाऊक, मास्तर म्हणाले होते तसं, गाडीला वाटलं की माझा ताबा आहे. एकदाही बंद पडली नाही. आई चांगल्या डोळ्याने वाट सांगत होत्या आणि न दिसणाऱ्या बाजूचं मला विचारत होत्या. मागून त्या बाई कण्हायच्या थांबल्या की मला जास्त भीती वाटायची. मग आरशात सेक्रेटरी दिसले, बायकोचा हात दोन्ही हातांत धरलेला. मला म्हणाले, "बरी होईल ना हो ती?" अगदी साधं, घरातल्यासारखं. मी म्हटलं, होणार, न व्हायला काय झालं? आणि मनात म्हटलं, देवा, मला आता फक्त पार्किंग मिळू दे.

मिळालं. हाड शाबूत निघालं. शिरा ताणल्या होत्या, पट्टा बांधून पाय वर ठेवायला सांगितला, वेदनेचं इंजेक्शन दिलं, आणि बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला तशा त्या पहिल्यांदा कुणाला बोलल्या असतील? नवऱ्याला. म्हणाल्या, "पायरीवर दिवा लावा म्हणून किती वर्षं सांगतेय." सेक्रेटरी बाहेर गेले आणि आम्हा सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आले. सुटले बाई, असं मी किती वेळा म्हटलं असेन याचा हिशोब नाही.

परत आलो तर गेटबाहेर कोण उभं? बंधुराज आणि मिस्त्री. मिस्त्रीची हत्यारं हातात, पण डबा गेटच्या आत आणि छोटं दार रविवारच्या दुपारी कुणीतरी आतून लावून घेतलेलं, आणि वरून जिन्याने यायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. बंधुराजांचा चेहरा पाहण्यासारखा होता. घरात फोन कुणी उचलत नव्हतं, आई नाहीत, मी नाही. त्यांनी आधी आपली गाडी ओळखली, मग तिच्यात चालवायला मी आहे हे ओळखलं, आणि तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मी खिडकीतून हात काढून रिमोट दाबला. गेट उघडलं, मी आत गेले, आणि बंधुराज गाडीच्या शेजारून चालत चालत आत आले, गेट मिटायच्या आत. जागेवर गाडी लावून उतरले तर त्यांनी विचारलं, "इथून रिव्हर्स कुणी काढली?" म्हटलं, मीच. मग त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. पुढे पाहिलं, मागे पाहिलं, खांबही पाहिला. ओरखडा नाही. मग आईंना उतरवायला दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खूप घाबरलो होतो गं मी. फोन तरी करायचास." त्यांचा आवाज ऐकून मला भांडताच आलं नाही.

मिस्त्रीने संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या रिमोटची गेटशी परत ओळख करून दिली. सेक्रेटरींनी समिती बोलावली नाही. खाली फलकावर लिहिलं, की प्रत्येक सदनिकेस दोन रिमोट अनुज्ञेय आहेत. जिन्याच्या पायरीवर दिवाही लागला. बाई आता काठी धरून फिरतात आणि चहाला येतात. आणि माझा रिमोट माझ्या पर्समध्ये आहे, लाल दोरा बांधून. मध्येच पर्स उघडून मी नुसता बघते. तुम्ही हसाल, पण हसा.

तर खरी हकीकत ही. भावजींना नमस्कार. गुडघ्याला जपा. माझ्याबद्दल काही वेडंवाकडं ऐकलं असेल तर त्यातलं अर्धं सोडून द्या, उरलेलं खरं असेल.

तुमची,
भावजय

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. आईंच्या मनात आहे की दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनआधी एकदा तुमच्याकडे येऊन राहावं, आणि माझ्या मनात आहे की त्यांना गाडीने मी आणावं. बंधुराजांना हे सांगितलं तर गाडीची बॅटरी परत नरम पडेल. तेव्हा कृपा करून तुम्हीच एक फोन करा आणि आम्हा दोघींना आग्रहाने बोलवा. तुम्हालाच सुचल्यासारखं बोला. त्यांना रजा मिळणार नाही असा दिवस सांगा.

ता. क. दुसरा. आई लिहायला सांगताहेत की तुमच्या दारासमोरच्या कुंड्या हलवून ठेवा. सून पुढे जाताना छान जाते, वळताना अजून थोडं देवाच्या भरवशावर असतं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. वरचा फोन करू नका. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होते तेवढ्यात पत्र टेबलावर राहिलं आणि बंधुराजांनी ते सगळं वाचलं. पान उलटल्याचा आवाज आला म्हणून मला कळलं. मग म्हणाले, "ताईला लिही, मी रजा काढतोय. मागच्या सीटवर बसेन." आम्ही त्यांना न बोलण्याच्या अटीवर घेतलंय. म्हणून तिघांचा स्वयंपाक करा, आणि कुंड्या जरा जास्तच लांब हलवा, कारण ते मागून 'सांभाळ' म्हणणार, आणि ते म्हणाले की मी दचकते.